‘सिलेक्ट ऑल’ : ऑडिटच्या एआय सॉफ्टवेअरबरोबर सोयाबीनचा एक हंगाम

वर्षाचे १,८०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, आणि युझर फक्त तीन. आमच्यासारख्या सीए फर्मला हा आकडा लहान नाही. इंदूरला जुन्या पलासियात दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आमचं ऑफिस. मी, माझे पार्टनर, दोन क्वालिफाइड मुलं आणि पाच आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली शिकणारी मुलं. पार्टनरांचं म्हणणं होतं की तेवढ्या पैशात एक बरा अकाउंटंट सहा-सात महिने ठेवता येईल, आणि तो निदान आपल्याबरोबर चहा तरी पिईल. तरीही २०२५च्या सप्टेंबरात, सोयाबीन यायच्या आत, आम्ही ते एआयवालं ऑडिट सॉफ्टवेअर घेतलं. आता हंगाम सरलाय आणि ओळखीच्या तीन-चार फर्म विचारतायत, कसं आहे, घ्यावं का. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

नाव लिहीत नाही. करारात त्याबद्दल एक कलम आहे, आणि खरं सांगायचं तर पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यातली सगळ्यात मोठी त्यांची नाही. बाजारात असली चार-पाच सॉफ्टवेअरं आहेत, डेमोत सगळी सारखीच गोरीगोमटी दिसतात. मी पाचपैकी साडेतीन तारे देईन.

आधी थोडं आमच्या कामाबद्दल, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते अजून कळलेलं नाही. मार्चनंतर येऊन ताळेबंदावर सही करतात ते स्टॅच्युटरी ऑडिटर. आम्ही इंटर्नल. वर्षभर कंपनीच्या आत वावरतो आणि माल खरंच आला का, आला तेवढाच लिहिला का, पैसे योग्य माणसाला गेले का, हे पाहतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३८ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमावाच लागतो; प्रायव्हेट कंपनीची मागच्या वर्षीची उलाढाल २०० कोटी किंवा बँकेचं कर्ज १०० कोटींच्या घरात गेलं की ती त्यात येते. आमचा मोठा क्लायंट असाच, देवास रोडवरचा सोयाबीनचा प्लांट. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे रात्रंदिवस गाड्या लागतात. वर्षाची निम्मी खरेदी या तीन महिन्यांत उरकते, आणि जो काही घोळ व्हायचा तोही याच तीन महिन्यांत होतो.

माझं शिक्षण राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या एका ऑफिसात झालं. आमचे सर हिरव्या शाईचं पेन हातात देऊन सांगायचे, ‘टिक करताना आकडा वाच, नुसती टिक करू नकोस.’ व्हाउचरांच्या फायली यायच्या. हजार व्हाउचरांतले चाळीस-पन्नास निवडायचे, मोठ्या रकमेचे सगळे, बाकीचे अधूनमधून, आणि त्यावरून हजारांचं अनुमान बांधायचं. यालाच सॅम्पल म्हणतात आणि सगळं जग असंच ऑडिट करत आलंय, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण सॅम्पलचा एक छुपा फायदा होता, तो मला या हंगामात कळला. काही राहून गेलंच तर सांगता यायचं, ‘आमच्या सॅम्पलमध्ये ते आलं नव्हतं.’ हे वाक्य मी २४ वर्षांत किती वेळा म्हटलंय देव जाणे. दर वेळी ते खरंच होतं.

हे सॉफ्टवेअर सॅम्पल घेत नाही. हिशेबाच्या टॅलीचा डेटा, बँकेची स्टेटमेंट्स, गाड्या तोलायच्या काट्यावरच्या सॉफ्टवेअरमधल्या वजनाच्या पावत्या, स्कॅन केलेली बिलं आणि बिल्ट्या (गाडीबरोबर येणाऱ्या मालाच्या पावत्या), सगळंच्या सगळं आत घेतं. मागच्या दोन हंगामांचा डेटा घातला, चार लाखांच्या वर ओळी. एक्सेलमध्ये एका शीटला १०,४८,५७६ ओळी मावतात हे खरं, पण आमच्या लॅपटॉपवर एक लाखाच्या पुढे गोल चक्र फिरायला लागतं आणि आपण उठून पाणी पिऊन येतो. इथे रात्री डेटा चढवला आणि सकाळी स्क्रीनवर १,९०६ फ्लॅग, म्हणजे ‘हे तपासा’ अशा खुणा, हजर. लाल, नारिंगी, पिवळे.

पहिल्या आठवड्यात आम्ही हसून हसून बेजार झालो. नंतर हसू आटलं.

नमुना म्हणून तीनच सांगते. याला बेनफर्डचा नियम माहीत आहे. सायमन न्यूकोम नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला १८८१ मध्ये लक्षात आलं की लॉगॅरिथमच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं जास्त मळलेली असतात. फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये ती गोष्ट वेगवेगळ्या आकड्यांवर तपासून दाखवली. नैसर्गिकरीत्या साठलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के, आणि ९ असण्याचं पाच टक्क्यांहूनही कमी. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा हे प्रमाण बिघडतं, म्हणून ऑडिटमध्ये ही चाचणी लावतात. चांगली चाचणी आहे. पण आकडे शेकड्यांपासून लाखांपर्यंत पसरलेले असले तरच. आमच्या सॉफ्टवेअरने ती लावली दहाचाकी गाड्यांच्या निव्वळ वजनांना. दहाचाकीत माल सोळा ते एकोणीस टन बसतो. म्हणजे प्रत्येक वजनाचा पहिला अंक एकच! शेरा आला : ‘अपेक्षित ३० टक्के, प्रत्यक्ष १०० टक्के, फेरफाराची दाट शक्यता.’ वर लाल भोंगा.

दुसरं, रोखीचं. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याच्या ४०ए(३) कलमात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली की तो खर्च धरत नाहीत, हे त्याला पाठ होतं. त्यामुळे मंडीत शेतकऱ्यांना दिलेली झाडून सगळी रोख त्याने लाल केली. शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला तर त्याच कायद्याखालच्या नियम ६डीडीप्रमाणे ही मर्यादा लागत नाही, हे इंदूरच्या कुठल्याही आर्टिकलला पहिल्या महिन्यात कळतं, कारण सीनियर ओरडतात. याला ओरडायला कोणी नव्हतं. शेतकऱ्याच्या बाबतीत बघायची ती त्याच कायद्याच्या २६९एसटी कलमाची, रोख घेण्यावरची दोन लाखांची मर्यादा, आणि समोरचा खरंच शेतकरी आहे की शेतकऱ्याच्या नावावर माल घालणारा व्यापारी, हे. ती चाचणी यादीत नव्हतीच. आम्ही मागून घातली.

तिसरं माझं लाडकं. यात एक गप्पा मारणारा सहायक आहे, त्याला साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो. मी विचारलं, पॅन नसलेली सगळ्यात मोठी देणीघेणी दाखव. उत्तर आलं की ‘श्री. हम्माली’ यांना वर्षभरात ४१ लाख रुपये दिले गेले असून त्यांचा पॅन उपलब्ध नाही, ते संबंधित व्यक्ती आहेत का ते तपासावं. हम्माली म्हणजे पोती चढवण्या-उतरवण्याची मजुरी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार. पार्टनर अजूनही ऑफिसात कोणी ओझं उचलून आलं की ‘या श्री. हम्माली’ म्हणतात.

सपोर्टबद्दल मात्र चांगलंच लिहावं लागेल. बेंगळुरूहून एक मुलगा रोज साडेचारला फोन करायचा. हम्माली, तुलाई, बारदाना (रिकामी पोती), धर्मकाटा, भाडा, सगळे शब्द त्याने वहीत लिहून घेतले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि मंडीत भाव त्याच्या बराच खाली, मध्यप्रदेशात भावांतर योजना चालू. सॉफ्टवेअर हमीभाव हाच बाजारभाव धरून बसलेलं, म्हणून सगळी खरेदी ‘संशयास्पद स्वस्त’. शेतकरी मंडीत पडत्या भावाने विकतो आणि फरकाचे पैसे सरकार त्याच्या खात्यात टाकतं, हे त्याला समजावताना माझीच उजळणी झाली. तीन आठवड्यांत फ्लॅग १,९०६ वरून आठवड्याला दीडशे-दोनशेंवर आले. हे तीन आठवडे डेमोत कोणी सांगत नाही. तुम्ही घेणार असाल तर हंगामाच्या दोन महिने आधी घ्या, आम्ही उशीर केला.

आता जमेची बाजू. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग ठेवणं सक्तीचं आहे : कोणी, कधी, कुठली नोंद बदलली, याची न पुसता येणारी नोंद. आम्ही सगळे ऑडिटर दोन वर्षं ‘एडिट लॉग चालू आहे का’ एवढंच तपासत होतो. चालू आहे, हिरवी टिक, पुढे. तो उघडून वाचणार कोण? हजारो ओळी. हे सॉफ्टवेअर तो रोज वाचतं. पहिल्याच पंधरवड्यात त्याने दाखवलं की भाड्याच्या २३ नोंदींची रक्कम पेमेंट झाल्यानंतर बदललेली आहे, सगळ्या एकाच लॉगिनने, सगळ्या रविवारी. चौकशीत निघालं की तो अकाउंटंट डिझेलच्या आगाऊ रकमा रविवारी जुळवायचा, बाकीचे दिवस वेळ मिळत नाही म्हणून. गैर काही नव्हतं, पण पद्धत चुकीची होती आणि ती आता बंद झाली. हाताने हे मला दहा वर्षांत सापडलं नसतं.

पुरवठादारांच्या यादीचंही तसंच. जीएसटी नंबरच्या पंधरा अक्षरांत पहिली दोन राज्याची, मध्यप्रदेश २३, आणि पुढची दहा म्हणजे त्या माणसाचा पॅनच. बारदान्याच्या दोन वेगळ्या नावांच्या दुकानांच्या नंबरात पोटातला पॅन एकच, कोटेशन मात्र दोघांकडून ‘स्पर्धात्मक’ मागवलेली. हे एक्सेलमध्येही करता येतं, मान्य. करतं कोण, हा प्रश्न आहे.

रिपोर्ट लिहिण्याची सोय तुम्हाला विकताना सगळ्यात जास्त ती दाखवतील. जपून. मसुदा सुरेख येतो, इतका सुरेख की वाचताना डोळा घसरतो. पहिल्या मसुद्यात प्रत्येक मुद्द्याखाली एक ओळ होती : ‘व्यवस्थापनाने निरीक्षण मान्य केले असून ३० दिवसांत सुधारणा करण्याचे आश्वासन दिले आहे.’ व्यवस्थापनाला आम्ही अजून विचारलंही नव्हतं! रिपोर्टात अशी ओळ असते, म्हणून त्याने घातली. इंटर्नल ऑडिटर्सच्या जागतिक संस्थेची, आयआयएची, नवी मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहेत. त्यांत चुकीच्या मुळाशी जाण्यावर भर आहे, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘मूळ कारण’ असा एक रकानाही दिलाय. तो ते आपोआप भरतं. अकरा मुद्द्यांपैकी नऊंचं मूळ कारण ‘प्रशिक्षणाचा अभाव’. आमच्या प्लांटवरची माणसं वीस-वीस वर्षं काम करतायत. काय करायचं नाही याचं प्रशिक्षण त्यांना उत्तम आहे. तेव्हापासून मसुदा व्याकरण तपासायला वापरतो, मुद्दा आणि कारण स्वतः लिहितो.

डेटाबद्दल थोडक्यात. शेतकऱ्यांची आधार कार्डं आणि पासबुकांच्या प्रती आमच्याकडे येतात. २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि त्याच्याही आधीपासून क्लायंटचं गुपित बाहेर न जाऊ देण्याचं आमच्या व्यवसायाचं बंधन आहे. सर्व्हर भारतात आहे, तुमच्या डेटावर त्यांचं मॉडेल शिकवणार नाही, हे दोन्ही लेखी घ्या. आधार नंबर झाकूनच वर चढवा. क्लायंटचीही लेखी परवानगी घ्या. आमच्या सेठजींनी ती वाचून न पाहता सही केली, तो भाग वेगळा.

आता काट्याचं सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. माल उतरवून रिकामी परत चढते, पुन्हा वजन. रिकाम्या वजनाला टेअर म्हणतात. भरलेल्यातून टेअर वजा केलं की माल किती ते कळतं, आणि व्यापाऱ्याला पैसे त्यावर मिळतात. रिकामी गाडी दर वेळी नेमकी तेवढीच कधीच भरत नाही. टाकीत डिझेल कमी-जास्त, ताडपत्री ओली, स्टेपनी आहे किंवा पंक्चरवाल्याकडे पडली आहे, क्लीनर आत झोपलेला आहे. तीस-चाळीस किलो इकडेतिकडे होणारच.

एका व्यापाऱ्याच्या चार गाड्या उज्जैनकडच्या वेअरहाउसमधून यायच्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या प्रत्येकीचा टेअर दर खेपेला तोच. एकीचा ९,८६०. पुढच्या खेपेला ९,८६०. त्याच्या पुढच्या, ९,८६०. म्हणजे रिकामी गाडी काट्यावर चढतच नव्हती. संगणकात साठवलेला जुना टेअर उचलून पावती निघत होती. एकेक पावती हातात घेतली तर त्यात दोष नाही. भरलेलं वजन आहे, रिकामं आहे, वजाबाकी बरोबर, सही-शिक्का जागच्या जागी. सहा वर्षं मी तिमाहीला चाळीस पावत्या पाहत आले, आणि चाळीसांत ही गोष्ट दिसणं शक्यच नव्हतं, कारण ती पावतीत नसून दोन पावत्यांच्या मध्ये होती.

सॉफ्टवेअरला ती दिसली. नऊ खेपा झाल्या तेव्हाच. नऊ पिवळे फ्लॅग.

त्या वेळी यादीत एकूण ३८६ फ्लॅग तुंबले होते. १७ ऑक्टोबर, वसुबारस. राजेंद्रनगरात शेजारी आकाशकंदील लागलेले, ओट्यावर चकलीची भाजणी तिंबून ठेवलेली, आणि मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलेली, कारण दिवाळीच्या सुट्टीआधी यादी रिकामी करायची होती. सुरुवातीचे साठेक एकेक करून पाहिले. सगळे फुसके निघाले, पुन्हा तेच हम्माली आणि भाडा. मग वरच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्यावर टिचकी मारली की सगळे निवडले जातात. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं : तपासले, बरोबर आहे. बंद. वेळ ११:४७. हे मी आठवून सांगत नाही. लॉगमध्ये आहे.

पुढचं मला महिनाभराने कळलं. ही सॉफ्टवेअरं आपण दिलेल्या शेऱ्यांवरून शिकतात. तुम्ही एखाद्या तऱ्हेच्या फ्लॅगला ‘बरोबर आहे’ म्हटलं की पुढच्या वेळी ते त्याला कमी गुण देतं, म्हणजे तुमची यादी लहान राहते. हीच तर त्यांची जाहिरात आहे. मी म्हटलं बरोबर आहे, आणि त्याने ऐकलं. त्या चार गाड्या यादीच्या तळाला गेल्या, मग यादीतूनच गेल्या. त्यानंतर ५२ खेपा झाल्या, एकही फ्लॅग नाही.

सापडलं ते आमच्या नव्या आर्टिकलमुळे. आमच्याच कॉलनीतली मुलगी, घरी मला काकू म्हणते, ऑफिसात मॅडम, आणि घाबरली की गडबडून काकू. डिसेंबरात मी तिला प्लांटवर पाठवलं होतं. सॉफ्टवेअरचे तीन युझर आम्ही मोठ्यांनी वाटून घेतलेले, म्हणून तिच्या वाट्याला पावत्यांचं एक्सेल आलं. गाडी नंबर लावून ती एकेक ओळ खाली जात होती. दुपारी फोन : ‘काकू, एक विचारू? या गाड्या डिझेल पीत नाहीत का?’

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघी आणि पार्टनर काट्यावर जाऊन उभे राहिलो. थंडी मरणाची. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली, गार्ड शिट्ट्या मारतोय. पावणेदोनला त्या चारांतली एक गाडी आली. मी आकडेच बघत होते. पार्टनर गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘हिचे फाळके नवे आहेत.’ खरंच. बाजूचे फाळके हातभर उंच केलेले, लोखंडी अँगल मारून, रंग ताजा, वर ‘बुरी नजर वाले’सुद्धा नव्याने काढलेलं. दसऱ्यानंतर बसवले, ड्रायव्हरने सहज सांगितलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. माल उतरल्यावर गाडी काट्यावर परत चढवायला लावली. १०,२००. संगणकातला टेअर ९,८६०. म्हणजे एका खेपेला ३४० किलो अँगल आणि फळ्या आम्ही सोयाबीनच्या भावाने विकत घेत होतो. चारही गाड्या तोलल्या, सरासरी तेवढीच आली. ६१ खेपा, आमच्या खरेदीचा सरासरी भाव ४,४०० रुपये क्विंटल धरला तर नऊ लाख बारा हजार.

हे फाळके सॉफ्टवेअरला कधीच दिसले नसते, ते कुठल्याच रकान्यात नव्हते. पण नऊ खेपांनंतर ते बोललं होतं, आणि तेव्हा काट्यावर जाऊन उभं राहणं माझं काम होतं.

काटाबाबूने सांगितलं, रांग रस्त्यावर गेली की वरून ओरडा पडतो, म्हणून जुना टेअर उचलतो. पटण्यासारखं आहे. मग याच चार गाड्यांचा का, असं विचारल्यावर तो गप्प बसला. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याने चहा मागवला. चहा चांगला होता.

सेठजींसमोर रिपोर्ट ठेवला तेव्हा त्यांनी आधी व्यापाऱ्याला, मग मॅनेजरला फोन केला, आणि मग सॉफ्टवेअर उघडून दाखवा म्हणाले. त्यांच्या मुलाने स्क्रीन फिरवून ती ओळ काढली. १७ ऑक्टोबर, ११:४७, माझं नाव, माझा शेरा. सेठजींनी चष्मा वर केला. ‘मॅडम, ये तो आपने अक्टूबर में ही देख लिया था.’ आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. तोंडात वाक्य आलं, चोवीस वर्षांचं सवयीचं. पण सॅम्पल कुठलं? सगळंच्या सगळं पाहिलेलं होतं, आणि सगळ्याखाली माझी सही होती.

‘देखा नहीं था, सेठजी. बंद किया था,’ मी म्हटलं.

व्यापाऱ्याच्या बिलातून ६,४०,००० कापले, उरलेल्यावर अजून वाद चालू आहे. काटाबाबूची बदली गोडाउनवर झाली. आमची फी या तिमाहीला न मागता मीच पाच टक्के कमी करून पाठवली. पार्टनर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले ठीक केलंस.

घ्यावं का? पाच हजार व्हाउचरांचं दुकान असेल तर नको, एक्सेल आणि एक जिज्ञासू आर्टिकल पुरे. काटा, बिल्ट्या, तीन गोडाउनं आणि एडिट लॉग असं सगळं असेल तर घ्या, पण फ्लॅग पाहायला माणसाचे तास बाजूला काढा, सॉफ्टवेअरच्या किमतीइतकेच. आमच्याकडे आता एक फ्लॅग बंद करायला कमीत कमी एक ओळ लिहावी लागते, काय पाहिलं आणि कुठे. चौथा युझर घेतला, वर्षाचे ४०,००० जास्त, तो त्या मुलीच्या नावावर आहे. आर्टिकलांनी पहिले सहा महिने एक्सेलवरच काम करायचं, हिरवं पेन घेऊन, असंही ठरवलंय, मुलं कुरकुरतायत.

आणि तो वरच्या कोपऱ्यातला चौकोन आमच्या अकाउंटमधून काढून टाकायला सांगितला. बेंगळुरूचा मुलगा म्हणाला, ‘मॅम, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फीचर आहे ते.’ तीन ई-मेल लागले. गेल्या सोमवारी काढलं.